डोळ्यांपुढची चाकरी



आजचा विषय एक ग्रीक शब्द आहे. बायबलच्या नव्या करारात तो दोनदाच येतो: एकदा इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात आणि एकदा कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात. शब्द आहे अँथ्रोपारेस्कोस. अँथ्रोपोस म्हणजे माणूस आणि अरेस्केइन म्हणजे समोरच्याला आवडेल असे वागणे. दोन्ही जोडले की अर्थ सरळ वाटतो: माणसांची मर्जी राखणारा. मराठीत त्यासाठी खुशमस्कऱ्या, तोंडपुज्या, हांजीहांजी करणारा असे शब्द हाताशी आहेतच. माझे म्हणणे असे आहे की या शब्दांनी मूळ शब्दातला कळीचा भाग निसटतो. खुशमस्कऱ्या गोड बोलतो. अँथ्रोपारेस्कोस कडूही बोलू शकतो, धर्माच्या आसनावर बसू शकतो, बंडखोराचा वेषही घेऊ शकतो. तो जिभेवरून ओळखू येत नाही. बघणारा बदलला की त्याचे वागणे बदलते, हीच त्याची खूण. हे मला पुराव्याने मांडायचे आहे, आणि त्यासाठी ग्रीसइतकाच पुण्याचा आणि आपल्या वऱ्हाडाचा पुरावा वापरायचा आहे.

ग्रीक विचारात मर्जी राखण्याचा प्रश्न ख्रिस्ताच्या तीनेकशे वर्षे आधीच चर्चेत होता. अ‍ॅरिस्टॉटल आपल्या नीतिशास्त्राच्या चौथ्या भागात समाजात वावरण्याच्या रीती तपासतो. एका टोकाला तो अरेस्कोस ठेवतो: सगळ्या गोष्टींची स्तुती करणारा, कुणाला दुखवायचे नाही हेच ज्याचे ब्रीद. हेच वागणे पैशासाठी किंवा फायद्यासाठी असेल तर त्याला तो वेगळे नाव देतो, कोलाक्स, म्हणजे लाळघोट्या. दुसऱ्या टोकाला उठल्यासुटल्या वाद घालणारा तुसडा माणूस. मधल्या योग्य वृत्तीला आपल्या भाषेत नावच नाही, ती मैत्रीसारखी दिसते, एवढे म्हणून तो थांबतो. त्याचा शिष्य थिओफ्रास्टस याने स्वभावचित्रांच्या छोट्या पुस्तकात या दोघांची स्वतंत्र चित्रे रेखाटली आहेत. इथपर्यंत सगळा मामला शिष्टाचाराचा आहे. मर्जी राखणारा हा एक कंटाळवाणा सोबती, फार तर दुबळा माणूस. त्याला कुणी पापी म्हणत नाही.

तो पापी ठरतो यहुदी ग्रीक वाङ्मयात, आणि तिथे शब्दाचा चेहराच बदलतो. त्रेपन्नाव्या स्तोत्राच्या हिब्रू पाठात वेढा घालून बसलेल्या शत्रूची हाडे देवाने विखुरली असा उल्लेख आहे. जुन्या ग्रीक अनुवादात त्या शत्रूच्या जागी अँथ्रोपारेस्कोस आला आहे. अनुवादकापुढचा हिब्रू पाठ निराळा असेल, किंवा त्याने तो निराळा वाचला असेल. परिणाम एवढाच की माणसांची मर्जी राखणारा थेट देवाच्या शत्रूंच्या रांगेत जाऊन बसला. त्याहून बोलका पुरावा शलमोनाच्या नावावर असलेल्या अठरा स्तोत्रांचा आहे. ही स्तोत्रे शलमोनाची नाहीत; ती ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातली, यरुशलेमेतल्या सत्ताधाऱ्यांवर संतापलेल्या मंडळींची आहेत. त्यातले चौथे स्तोत्र अँथ्रोपारेस्कोस माणसांविरुद्धच आहे. या स्तोत्रातला माणूस धार्मिकांच्या सभेत मानाच्या जागी बसतो. अपराध्याला दोषी ठरवताना त्याचे शब्द सर्वांत कठोर, शिक्षेसाठी त्याचा हात सर्वांत आधी वर. आणि रात्री, कुणी बघत नाही असे वाटले की, तो स्वतःच पाप करतो. इथे गोड बोलणे कुठेच नाही. त्याचा कठोरपणाच मर्जी राखण्याचे साधन आहे, कारण त्या सभेला कठोरपणा आवडतो. जात पंचायतीत दंड ठोठावताना सर्वांत मोठ्याने बोलणारा माणूस आठवून पाहा, म्हणजे या स्तोत्राचा कर्ता कुणाकडे बोट दाखवत होता ते कळेल.

आता नव्या करारातल्या त्या दोन जागांकडे येतो. दोन्ही ठिकाणी शब्द एकटा येत नाही. त्याच्या शेजारी ऑफ्थाल्मोदुलिया आहे: डोळ्यांची चाकरी, धनी बघतो आहे तोवरच केलेले काम. मराठीतला तोंडदेखलेपणा तिच्या अगदी जवळचा. या दोहोंच्या विरुद्ध पत्रलेखक जो गुण ठेवतो तो हाप्लोतेस, म्हणजे घडी नसलेपण. आत एक पदर आणि बाहेर दुसरा असे जिथे नाही ते. आणि याच उपदेशात, धन्यांकडे वळल्यावर इफिसकरांच्या पत्रात आणि त्याच्या अलीकडेच कलस्सैकरांच्या पत्रात, चौथा शब्द येतो, प्रोसोपोलेम्प्सिया. त्याचा अक्षरशः अर्थ तोंड स्वीकारणे, आणि आपण जेव्हा अमक्याने तोंड पाहून निकाल दिला म्हणतो तेव्हा तंतोतंत तेच म्हणत असतो. देव तोंड पाहून न्याय करीत नाही, असा तो मुद्दा. चाकराने डोळे पाहून काम करायचे नाही आणि धन्याने तोंड पाहून माणूस तोलायचा नाही. चारही शब्द एकत्र वाचले की अँथ्रोपारेस्कोसचा अर्थ ठरतो. दोष लोकांना आनंद देण्यात नाही. दोष यात आहे की कृतीला बघणाऱ्याच्या नजरेबाहेर अस्तित्वच उरत नाही.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो इतका गंभीर आहे की त्याला बगल देऊन पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. हे शब्द गुलामांना उद्देशून आहेत. धनी बघत नसतानाही मन लावून राबा, असा तो उपदेश आहे. अमेरिकेतल्या गुलामांच्या मालकांनी नेमकी हीच वचने शतकभर गुलामांना ऐकवली. ज्या महाराष्ट्रात महात्मा फुल्यांनी १८७३ साली गुलामगिरी लिहिली आणि ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांच्या गौरवार्थ अर्पण केली, तिथे हा उपदेश कुणी विनातक्रार ऐकून घ्यावा अशी अपेक्षा करता येत नाही. माझे उत्तर असे. ज्याला नाही म्हणण्याची सोय नाही त्याने डोळ्यांपुढची चाकरी केली तर तो दोष नाही, तो जीव वाचवण्याचा मार्ग आहे. गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाने वाड्यासमोर वाकून जोहार घातला म्हणून त्याला कुणी मर्जी राखणारा म्हणू नये; त्या वाकण्याचा जाब वाड्याने द्यायचा आहे. पत्रलेखकाने गुलामगिरीलाच हात घातला नाही, ही त्या पत्रांची मर्यादा आहे आणि ती झाकण्याचे कारण नाही. शब्दाचा न्याय करायचा तर तो शलमोनाच्या स्तोत्रांत जिथे उभा होता तिथे त्याला परत न्यावा लागतो: ज्यांच्या हातात निवड आहे त्यांच्यासमोर, सभेत मानाच्या जागी बसणाऱ्यांसमोर. पुढची सगळी उदाहरणे मी याच अटीवर घेतो आहे.

दुसरा आक्षेप ही पत्रे ज्याच्या नावावर आहेत त्या प्रेषित पौलावरच आहे. गलतीकरांना तो बजावतो की मी अजून माणसांची मर्जी राखत असतो तर ख्रिस्ताचा दास नसतो. करिंथकरांना मात्र तोच सांगतो की मी सर्व बाबतींत सर्वांना आवडेल असे वागतो. दोन्हीकडे क्रियापद तेच, अरेस्केइन. मग खरे काय? करिंथकरांच्या पत्रात तो लगेच कारण जोडतो: स्वतःचे हित न पाहता पुष्कळांचे हित पाहून. कारण जोडले म्हणून लगेच मान्य करावे असे नाही. कारणे सगळेच जोडतात. पण पौलाची कसोटी एका प्रसंगात लागलेली आहे, आणि तो प्रसंग पंगतीचा आहे. अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र गैरयहुदी ख्रिस्ती लोकांबरोबर जेवत असे. यरुशलेमेतल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची काही कर्मठ माणसे आली आणि पेत्र त्या पंगतीतून मागे सरला. त्याचे मत बदलले नव्हते, बघणारे बदलले होते. पौलाने त्याला सर्वांसमोर सुनावले. तरीही, प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाप्रमाणे, याच पौलाने त्या भागातल्या यहुद्यांचा विचार करून आपला सहकारी तीमथ्य याची सुंता करवली. आणि दुसरा सहकारी तीत याच्या सुंतेचा आग्रह झाला तेव्हा मात्र तो हटला नाही. बाहेरून हे धरसोड दिसते. मला त्यात एक सूत्र दिसते: या तडजोडीची किंमत कोण मोजतो? तीमथ्याच्या बाबतीत ती पौलाने आणि तीमथ्याने स्वतः मोजली. अंत्युखियात पेत्राच्या अब्रूची किंमत त्या पंगतीत मागे राहिलेल्या, अपवित्र ठरवल्या गेलेल्या माणसांनी मोजली.

महाराष्ट्राचा वाचक हे वाचताना १८९० सालच्या पुण्यात पोहोचल्याशिवाय राहत नाही. ऑक्टोबर महिन्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये पुण्यातली प्रतिष्ठित मंडळी निमंत्रणावरून गेली. चहा पुढे आला, काहींनी घेतला, काहींनी नुसता हातात धरला. पुढे नावे छापून आली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली आणि बहिष्काराचे सावट आले. हजर असलेल्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतले, आणि सुधारकांच्या तरुण पिढीला तो घाव वर्षानुवर्षे सलत राहिला. रानडे अँथ्रोपारेस्कोस ठरतात का? माझ्या मते नाही. रानड्यांच्या पत्नी रमाबाई यांच्या आठवणींतून दिसते ते असे की बहिष्काराचा त्रास स्नेह्यांच्या घरांपर्यंत पोहोचला होता आणि त्यांची सुटका व्हावी म्हणून रानड्यांनी कमीपणा स्वतःकडे घेतला. किंमत त्यांनी मोजली. तरीही ते पाऊल चुकलेच असे मला वाटते, कारण प्रायश्चित्तासारखी जाहीर कृती एकट्याची राहत नाही. रानडेसुद्धा वाकले, हे वाक्य विरोधकांना कायमचे मिळाले. शब्दाचा अर्थ नेमका धरला की चूक आणि लाचारी यांत फरक करता येतो, आणि आपल्याकडच्या थोर माणसांविषयी बोलताना हा फरक फार क्वचित केला जातो.

नव्या करारात माणसांच्या नजरेला पर्याय म्हणून देवाची नजर येते. तो पर्याय प्रामाणिक असला तरी त्यात एक धोका आहे: देवाला आवडेल ते करा, याचे व्यवहारात देवाच्या अधिकाऱ्यांना आवडेल ते करा असे रूपांतर व्हायला वेळ लागत नाही. पंडिता रमाबाईंना हे फार लवकर दिसले. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि ज्यांच्या आश्रयाने त्या राहत होत्या त्यांनाच पत्रांतून ठणकावले की चर्चचा अधिकारी सांगतो म्हणून एखादे तत्त्व मी मान्य करणार नाही. इकडे १८८९ साली मुंबईत विधवांसाठी काढलेल्या आणि पुढे पुण्याला हलवलेल्या शारदा सदनावर धर्मांतराचे वादळ उठले, तेव्हा १८९३ साली सल्लागार मंडळातल्या रानडे, भांडारकरांसारख्या हितचिंतकांनीही संबंध तोडले. दोन्ही तीरांवरच्या पाठीराख्यांना नाराज करून त्यांनी आपले काम पुढे नेले. याच बाईंनी नंतर केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. अँथ्रोपारेस्कोस हा शब्द मूळ ग्रीकमधून वाचताना त्याचा अर्थ शोधायला त्यांना कोशाबाहेर फार लांब जावे लागले नसेल.

आणि ज्याला देवच मान्य नाही त्याचे काय? त्याला माणसांच्या नजरेतून सुटण्याचा मार्गच नाही का? या प्रश्नाचे उत्तर अकोल्यात शिकलेल्या एका माणसाने जगून दिले आहे. गोपाळ गणेश आगरकर १८७५ साली इथून मॅट्रिक झाले. विष्णु मोरेश्वर महाजनींसारख्या शिक्षकाचा आधार त्यांना इथे मिळाला, आणि वऱ्हाड समाचारात लिहून त्यांनी लेखणीला धार लावली. १८८१ साली केसरी निघाला तेव्हा ते त्याचे पहिले संपादक होते. सामाजिक सुधारणेवर सहकाऱ्यांशी पटेना तेव्हा १८८७ मध्ये त्यांनी ते पत्र सोडले आणि पुढच्या वर्षी सुधारक काढला. बालविवाह, विधवांचे केशवपन, संमतिवय या विषयांवर त्यांनी लिहिले त्याबद्दल पुण्यात जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली गेली. धैर्याची ही गोष्ट आपण सारे सांगतो. मला मात्र तिच्यातली दुसरी बाजू जास्त मोलाची वाटते. १८९२ पासून आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते. कॉलेज ज्या पालकांच्या मुलांवर आणि ज्या वर्गाच्या सदिच्छेवर चालायचे, त्याच वर्गाच्या रूढींवर त्यांचा वार होता. आणि प्राचार्याची खुर्ची मिळाली म्हणून लेखाचा सूर उतरला नाही. वयाची चाळिशी गाठण्याआधी, १८९५ च्या जूनमध्ये ते गेले. परलोकातल्या कुणा न्यायाधीशावर त्यांची भिस्त नव्हती, बुद्धीला पटलेल्यावर होती. म्हणून मी म्हणतो की शब्दाचा गाभा कुणाची नजर या प्रश्नात नसून घडी नसलेपणात, त्या हाप्लोतेसमध्ये आहे. श्रद्धावान पंडिता रमाबाई आणि अश्रद्ध आगरकर तिथे एका ओळीत उभे राहतात. श्रद्धाळू श्रोत्यांना हे पटणार नाही कदाचित. त्यांनी निदान इतके तपासावे की पत्रलेखकाने तो गुण श्रद्धेच्या खात्यात न टाकता हृदयाच्या खात्यात टाकला आहे.

यावर कुणी म्हणेल की हे सगळे मोठ्या माणसांचे झाले. चारचौघांत राहणाऱ्याला लोकलाज सोडून चालत नाही, आणि लोकलाज सुटली की गाव बिघडते. हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. शेजाऱ्याला काय वाटेल या विचाराने पुष्कळ हात वर उचलले जाऊनही थांबतात, आणि तो विचार नाहीसा व्हावा असे मला मुळीच वाटत नाही. अ‍ॅरिस्टॉटलने तुसड्या माणसाला दोषी ठरवलेच आहे. आपल्या परंपरेत गीतेने लोकसंग्रह हा शब्द दिला आहे, आणि पौल करिंथकरांना जे सांगतो ते त्याच्या फार जवळ जाते. लोकांना धरून ठेवण्यासाठी त्यांच्या पावलाशी पाऊल जुळवणे एक, आणि ते जिकडे वळतील तिकडे तोंड फिरवणे दुसरे. लोकशाहीत लोकप्रतिनिधीने लोकांना विचारूनच चालायचे असते. पण कापसाच्या भावाविषयी तो अकोटच्या सभेत जे बोलतो तेच मुंबईच्या बैठकीत बोलतो का, हे पाहणे मतदाराचा हक्क आहे. बंडखोरालाही हीच कसोटी लावावी. आपल्या गटाच्या टाळ्यांसाठी रोज अधिक जहाल होत जाणारा माणूस शलमोनाच्या स्तोत्रातल्या त्या कठोर सभासदाचा सख्खा भाऊ असतो.

शेवटी वऱ्हाडातल्या एका माणसाकडे वळतो, कारण माझ्या युक्तिवादाला सर्वांत जड पुरावा तोच आहे, आणि सर्वांत अवघड प्रश्नही त्याच्याच नावाने उभा राहतो. डेबूजी झिंगराजी जाणोरकर १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मले आणि आपल्या अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाकडे वाढले. मुलीच्या बारशाला मटण आणि दारूची पंगत द्यायची ही जातीची रीत त्यांनी मोडली आणि गोडाचे जेवण घातले, असे त्यांची चरित्रे सांगतात. १९०५ मध्ये घर सोडल्यावर त्यांचे गाडगेबाबा झाले. त्यांच्या कीर्तनाला हजारो माणसे लोटत, हसून हसून बेजार होत. वऱ्हाडी बोलीत ते श्रोत्यांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. त्या उत्तरातच श्रोत्यांचे कर्जाचे सणवार, बकऱ्याचे नवस आणि शिवाशिव उघडी पडत. म्हणजे ते लोकांना रिझवत होते, पुरेपूर रिझवत होते. पण पायाला हात लावू पाहणाऱ्यावर काठी उगारणारा, कुणालाही शिष्य न मानणारा हा माणूस त्या रिझवण्यातून स्वतःसाठी काहीच उचलत नव्हता. आणि कीर्तनाआधी, लोक जमायच्या आत, गावाचे रस्ते त्यांनी झाडलेले असत. ऑफ्थाल्मोदुलियाच्या नेमके उलट टोक कुठे असेल तर ते त्या खराट्यात आहे.

अवघड प्रश्न तो असा. २०००-०१ पासून राज्यात संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान सुरू झाले. समित्या येऊन तपासणी करतात, गुण देतात, पारितोषिके मिळतात. या अभियानाने हजारो गावांत संडास बांधले गेले, नाल्या वाहत्या झाल्या, गावकरी एकत्र येऊन श्रमदान करू लागले; त्याचे श्रेय हिरावून घेण्याचा मला अधिकार नाही. पण समितीची तारीख कळली की झाडायचे, ही डोळ्यांपुढची चाकरीच आहे, आणि ती गाडगेबाबांच्या नावाने होते. यावर काही जण उत्तर देतात की आधी दाखवण्यासाठी केलेले काम पुढे अंगवळणी पडते. ते खोटे नाही. करता करताच गुण अंगी येतात हे अ‍ॅरिस्टॉटलही सांगतो. मात्र सवय लागली की नाही हे बघणारा गेल्यावरच कळते, आणि कळण्याची ती वेळ आपल्या व्यवस्थेत ठेवलेलीच नसते. ती ठेवता येईल. पारितोषिकाचा निम्मा भाग वर्षभरानंतरच्या, न कळवता झालेल्या भेटीवर ठरवावा. समिती त्या वर्षात कोणत्या दिवशी येईल हे ग्रामसेवकालाही कळू नये. मग गावाला कुणाच्या डोळ्यांसाठी झाडायचे हे ठरवावे लागेल, आणि शाळेत जाणाऱ्या पोरांच्या, पाणी भरणाऱ्या बायांच्या डोळ्यांपुढे तो रस्ता तर रोजच असतो.